ब्रेक पॅड घरी बदलताना: मंगाफच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

(सुरुवातीचे संगीत)

शुक्रवारची संध्याकाळ आहे. चहा झाला असेल, मुलं खाली खेळायला गेली असतील.

आजचा विषय मंगाफच्या एका ताईंनी पाठवलेल्या संदेशातून आला आहे. त्या लिहितात, "माझ्या मुलाने पहिल्या पगारातून पैसे साठवून जुनी टोयोटा ८६ घेतली आहे. आता ब्रेक लावला की किर्र आवाज येतो. तो म्हणतो, आई, पॅड मीच बदलतो, बेसमेंटमध्ये दोन तासांचं काम आहे. मला रात्री झोप लागत नाही. त्याला करू देऊ का?"

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. खिडकीची काच अडकली तर गैरसोय होते. ब्रेक अडकला तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. मी शेवटी हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर देणार आहे. पण आधी काम काय आहे ते समजून घेऊ. तुमच्या चिरंजीवांनाही ऐकायला बसवा.

(छोटे संगीत)

ब्रेक म्हणजे नेमकं काय? चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. कॅलिपरच्या आत, डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. आपण पेडल दाबतो, तेव्हा ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर दाबले जातात. घासून गाडी थांबते. पॅड झिजण्यासाठीच बनवलेले असतात. पेन्सिलीचं टोक झिजतं, तसंच.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ साली घेतलं. पण ती जगाच्या नजरेत भरली १९५३ साली. त्या वर्षी ल मां इथली चोवीस तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइप गाडीने जिंकली, आणि तिला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. बाकीच्यांचे ड्रम ब्रेक तापून ढिले पडत. जॅग्वारचे चालक वळणाच्या अगदी जवळ येईपर्यंत वेग टिकवू शकत. म्हणजे डिस्क ब्रेकचं आणि स्पोर्ट्स कारचं नातं तेव्हापासूनचं.

आता थोडा हिशेब. गाडी आणि चालक मिळून १,३०० किलो धरा. सेव्हन्थ रिंग रोडवर गाडी ताशी १२० किलोमीटरने चालली आहे आणि एकदम थांबावं लागलं. त्या चार-पाच सेकंदांत ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यात साध्या तापमानाचं जवळपास अडीच लिटर पाणी उकळेल. एवढी उष्णता चार डिस्कनी झेलायची, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोघींनी. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून वेगवान गाडीच्या पॅडशी खेळ करायचा नसतो.

त्यात आपलं कुवेत. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा इथे ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेने ते नंतर मान्यही केलं. अशा हवेत डिस्क थंड व्हायला वेळ लागतो. धुळीच्या वादळात, ज्याला इथले लोक तोझ म्हणतात, बारीक वाळू कॅलिपरच्या फटींत जाऊन बसते. त्यामुळे इथे नुसते नवे पॅड घालून भागत नाही, आजूबाजूची सफाईही तितकीच महत्त्वाची.

(छोटे संगीत)

पहिला प्रश्न, पॅड खरंच संपले का? बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. पॅड झिजला की ती डिस्कला लागते आणि किर्र करते. हा इशारा आहे. पण आवाज वाळूमुळेही येतो. म्हणून मोजून पाहा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. घासणारा भाग ३ मिलिमीटरपर्यंत आला की बदलायची वेळ झाली. मागची लोखंडी पट्टी त्यात मोजायची नाही. आणि आतला पॅडही बघा. बाहेरचा दिसतो म्हणून आपण तोच बघतो, आणि आतला कधीच संपलेला असतो.

आवाज किर्रऐवजी खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा येत असेल, तर गाडी चालवूच नका.

पॅड घेताना गाडीचा मॉडेल आणि वर्ष सांगून घ्या, चॅसिस नंबर जवळ ठेवा. डबा ओळखीच्या कंपनीचा आहे म्हणून आतला माल खरा असतोच असं नाही, म्हणून एजन्सी किंवा खात्रीचं दुकान बरं. पुढचे दोन्ही पॅडसंच एकदम बदलायचे, किंवा मागचे दोन्ही. एकाच चाकाचे कधीच नाही, गाडी एका बाजूला ओढेल. आणि तरुण मित्रांनो, कुवेत मोटर टाउनच्या ट्रॅकवर धावण्यासाठी बनवलेले रेसिंग पॅड रोजच्या गाडीला लावू नका. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच सिग्नलला तुम्हाला थंड पॅडवरच थांबायचं असतं.

(छोटे संगीत)

आता जागा आणि वेळ. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला इथे सरकारनेच बंदी घातलेली असते. ती कामगारांसाठी आहे, पण शहाणपण सगळ्यांसाठी आहे. उन्हाळ्यात पहाटेच काम करा. हारिसला आधी विचारा, इमारतीच्या बेसमेंटमध्ये सगळीकडे परवानगी नसते.

उन्हात तापलेल्या डांबरावर जॅक लावाल, तर तो हळूहळू रुततो. गाडी वर, तुम्ही खाली, आणि जॅक तिरका होतोय. म्हणून सपाट काँक्रीटची जागा शोधा. नाहीच मिळाली तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला. उतारावर तर नकोच.

सामान काय लागेल? स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटलेली असते, म्हणून कमी उंचीचा ट्रॉली जॅक. दोन जॅक स्टँड. पान्यांचा संच, आणि टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं हे सांगणारा पाना. सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकसाठीचं खास ग्रीस, हातमोजे, चष्मा आणि मास्क. आणि कपाटातला एक तारेचा हँगर. तो कशाला, ते सांगतो.

जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक गोष्ट आधी बघा. अलॉय चाकांना चोरी होऊ नये म्हणून एखादा वेगळा नट असतो, त्याची खास चावी लागते. ती आधीच्या मालकाने दिली आहे का? अर्ध्या कामात शोधाशोध नको.

(छोटे संगीत)

आता काम. गाडी थंड असू द्या. पुढची चाकं काढणार असाल तर हँडब्रेक ओढा, गिअर घाला आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा. मागची काढणार असाल तर ठोकळे पुढच्या चाकांना. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करा, भोवती फडकं गुंडाळा. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं.

गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करा. मग जॅकने उचला, पुस्तकात दाखवलेल्या जागी स्टँड लावा आणि गाडी स्टँडवर टेकवा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. देव न करो, स्टँड घसरला तर गाडी चाकावर पडेल, तुमच्यावर नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तशीच राहिली की विसरलं तर तिथे बघता येतं. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

कॅलिपर दोन प्रकारचे. टोयोटा ८६ च्या साध्या मॉडेलला सरकता कॅलिपर असतो. त्याचे पिस्टन एकाच बाजूला असतात आणि तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. बहुतेक गाड्यांत खालचा बोल्ट काढला की तो दारासारखा वर उचलता येतो. दुसरा प्रकार पक्का कॅलिपर, ब्रेम्बोसारख्या कंपन्यांचा, दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला. त्यात पॅड अडकवणाऱ्या पिना काढून पॅड बाहेर ओढले जातात.

कॅलिपर पूर्ण काढावा लागला तर तो रबरी नळीवर लटकता ठेवू नका. नळी आतून फाटते आणि बाहेरून दिसतही नाही. इथे तो हँगर कामाला येतो. त्याचा आकडा करून कॅलिपर स्प्रिंगला टांगा.

जुने पॅड काढलेत की ते शेजारी शेजारी ठेवून बघा. आतला पूर्ण झिजलेला आणि बाहेरचा जाड दिसला, तर कॅलिपरची पिन अडकली असण्याची शक्यता मोठी, आणि आपल्याकडे वाळूमुळे हे वारंवार होतं. पिन बाहेर काढा, पुसा, ब्रेकचं खास ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पिन बोटाने सहज सरकली पाहिजे.

पॅडची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ती छातीत जाते, आणि काही जुन्या किंवा हलक्या पॅडमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो. क्लीनरने ओली करून पुसा. क्लीनर पेट घेतो, म्हणून गरम डिस्कवर मारू नका, आणि शेजारी सिगारेट नको.

डिस्ककडे बघा. तिच्यावर कमीत कमी किती जाडी हवी ते बहुधा कोरलेलं असतं. त्याहून पातळ झाली असेल, खोल चरे असतील किंवा तडा दिसत असेल, तर नवे पॅड घालून उपयोग नाही. डिस्कच बदलायची.

आता पिस्टन मागे ढकलायचा, कारण नवे पॅड जाड आहेत. जुना पॅड पिस्टनवर ठेवा आणि सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. घाई नको. दोन पिस्टन असतील तर एक दाबताना दुसरा बाहेर येतो, दोघांना बरोबर घेऊन जा. दर मिनिटाला ब्रेक ऑइलच्या डब्याकडे लक्ष ठेवा, पातळी वर चढते. ओसंडायला आली तर थोडं काढून घ्या. ते गटारात ओतू नका.

मागच्या चाकांना एक फरक. अनेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो, आणि तिथला पिस्टन दाबून नाही, फिरवून आत जातो. त्यासाठी वेगळं हत्यार लागतं. टोयोटा ८६ मध्ये हँडब्रेक डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रमवर चालतो, म्हणून तिथला पिस्टन सरळ ढकलता येतो. फक्त मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला हवा. आणि बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर तो सर्व्हिस मोडमध्ये नेल्याशिवाय हातच लावू नका.

नवे पॅड घालताना घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. बोटांचं तेलही नको. पॅडचे कान जिथे सरकतात तिथे अगदी पातळ थर लावा. बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळा. चाक लावा, नट हाताने फिरवून बसवा, गाडी खाली घ्या आणि मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. टोयोटा ८६ साठी हा आकडा १२० न्यूटन मीटर आहे. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत.

(छोटे संगीत)

इथे मी थांबतो आणि माझी स्वतःची गोष्ट सांगतो. कारण आज मला खरं सांगायचं आहे ते इथेच आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी सालमियात राहत असताना मी पहिल्यांदा स्वतः पॅड बदलले. सगळं नीट केलं. बोल्ट दोनदा तपासले. हात धुतले, बायकोला फोन केला, "झालं गं, चक्कर मारून येतो." गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि बेसमेंटच्या उतारावर ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं. ब्रेकच नाही. गाडी मागे जात होती आणि मागे खांब होता. हात आपोआप हँडब्रेकवर गेला म्हणून वाचलो. खांबाच्या वीतभर अलीकडे गाडी थांबली. तिथे खांबाऐवजी कुणाचं लेकरू सायकल चालवत असतं तर? हा विचार मला आजही सोडत नाही.

चूक काय होती? पिस्टन मागे ढकलला की पॅड आणि पिस्टन यांच्यात मोकळी जागा राहते. पेडल अनेकदा दाबलं की पिस्टन पुढे येऊन ती जागा भरते. तोपर्यंत पहिलं पेडल हवेतच जातं. मी पान्याचं सगळं काम बरोबर केलं होतं आणि पायाचं काम विसरलो होतो.

म्हणून मंडळी, हे लिहून स्टिअरिंगला चिकटवा. गाडी जागची हलवण्याआधी पेडल दाबायचं. हळूहळू, पुन्हा पुन्हा, घट्ट लागेपर्यंत. मग इंजिन सुरू करून परत दाबायचं. थोडं खाली जाईल, पण तळाला जाता कामा नये. मग ब्रेक ऑइलची पातळी बघून झाकण लावायचं. ऑइल घालायचं असेल तर झाकणावर लिहिलेला प्रकारच घाला. डॉट ४ लिहिलं असेल तर सिलिकॉनचं डॉट ५ चालत नाही, नाव जवळचं वाटलं तरी. आणि उघडी पडलेली जुनी बाटली नको, हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं डॉट ४ कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तीच हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल पुन्हा तळाला.

आता पहिली चाचणी. मोकळ्या, सपाट जागी, चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून. दोन-चारदा थांबून बघा. मग पॅड बसवायचे. शुक्रवारी सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा डाग उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता सावकाश चालवून थंड होऊ द्या. पॅडच्या डब्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती खरी. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.

(छोटे संगीत)

आणि कुठे हात थांबवायचा? पिस्टनभोवतीचं रबर फाटलं असेल. कॅलिपर किंवा चाकाची आतली बाजू ओली दिसली. पिस्टन मागे जातच नसेल. बोल्टचे आटे गेले असतील. किंवा सगळं करूनही पेडल स्पंजासारखं लागत असेल. यातलं एकही असेल, तर गाडी चालवत शुवैखला नेऊ नका. रिकव्हरी गाडी बोलवा. मेकॅनिकला फोन करताना लाज वाटण्याचं कारण नाही. तिथल्या गॅरेजात आपली कितीतरी माणसं आयुष्यभर हेच काम करत आली आहेत, त्यांच्या हाताला ते कळतं.

आता ताई, तुमचं उत्तर. हो, करू द्या. पण चार अटी घाला. पहिली, एकट्याने नाही, जाणता माणूस शेजारी हवा. शक्य असेल तर पहिल्यांदा एखाद्या मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघू दे. दुसरी, जॅक स्टँडशिवाय नाही. तिसरी, अंधार पडायच्या किंवा ऊन चढायच्या घाईत नाही. चौथी तुमच्यासाठी आहे. काम झालं की तुम्ही स्वतः खाली जा. गाडी हलायच्या आधी त्याला विचारा, "बाळा, पेडल घट्ट लागलं का?" तो हसेल, म्हणेल, आई, तुला काय कळतं यातलं. हसू द्या. पण तुमच्यासमोर त्याला पेडल दाबायला लावा.

माझ्या वेळी तो प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी आपण उन्हाळ्यात बॅटरी का दगा देते यावर बोलू. तुमचे प्रश्न पाठवत राहा. गाडी जपून चालवा, घरी वाट बघणारं माणूस आहे हे विसरू नका. नमस्कार.

(शेवटचे संगीत)